पावती आधी, नोंद मागून

राहात्याजवळच्या एका गावात, दूध संकलन केंद्रावर मी दोन वर्षं संगणकावर बसत होतो. सकाळी सहा ते साडेआठ, संध्याकाळी सहा ते साडेआठ. उत्पादक किटली घेऊन यायचा, दूध काट्यावर जायचं, चमचाभर नमुना फॅट मशिनमध्ये, आणि मी त्याचा कोड नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ भरून एंटर दाबायचो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रकर्र करत पावती बाहेर टाकायचा. पावती हातात पडली की माणूस निघायचा. त्या चतकोर कागदावर त्याचा पूर्ण विश्वास असायचा. कागद बाहेर आला म्हणजे नोंद संगणकात गेली, असं मीही धरून चालायचो.

एका मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि ऐन संकलनात लाईट गेली. अर्ध्या तासाने आली. संगणक सुरू होताना त्याने डिस्क तपासली, पडद्यावरून आकडे पळाले, संकलनाच्या प्रोग्रामने सूची नव्याने बांधायला लावली आणि मग सगळं जिथल्या तिथे दिसायला लागलं. राहिलेल्यांचं दूध घेऊन आम्ही केंद्र बंद केलं.

दुधाचा पगार दर दहा दिवसांनी निघायचा. तो निघाला तेव्हा एक म्हातारे बाबा केंद्रावर आले. घरच्या सगळ्या पावत्या त्यांनी तारेला ओवून ठेवल्या होत्या. तार माझ्यापुढे धरून म्हणाले, “आरं पोरा, वीस येळा दूध घातलंय म्या, अन् तुझ्या कागदावर एकोणीसच येळा हायेत. ही घे तार, तूच मोज.” मी मोजल्या. वीस होत्या. पडद्यावर एकोणीस. गायब होती ती त्याच पावसाच्या संध्याकाळची नोंद. आणि शोधत गेलो तेव्हा कळलं की लाईट जाण्याआधीच्या शेवटच्या चार जणांच्या चारही नोंदी नव्हत्या. बाबा रागावले नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. “कागदावर हाये अन् डब्यात न्हाई, असं कसं?”

याचं उत्तर द्यायला मला त्या दिवशी जमलं नाही. ते हार्ड डिस्कच्या पाठीवरच्या हिरव्या पाटीत, एका नखाएवढ्या चिपमध्ये होतं.

हार्ड डिस्क हे मुळात फिरतं यंत्र. आयबीएमने १९५६ साली रॅमॅक संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली. कपाटाएवढी होती ती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि त्यांत मावत ५० लाख अक्षरं. आजच्या साडेतीन इंची डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर बसतो, पण चालण्याची रीत तीच आहे: चुंबकीय थर दिलेली तबकडी फिरते आणि तिच्यावर एक बारीक हेड आत-बाहेर सरकतं. नेहमीच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. तिच्या बाहेरच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरात जातो, आणि हेड तिला न टेकता अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर हवेच्या थरावर तरंगत असतं.

इतक्या चपळ यंत्राला हळू म्हणायचं तरी कसं? राहात्याच्या शेतकऱ्याला ते एका शब्दात समजेल: आवर्तन. इथल्या पेरूच्या बागा गोदावरीच्या उजव्या कालव्यावर वाढल्या. कालव्याला पाणी येतं ते आवर्तनाने. आपली पाळी आली तेव्हा शेतात दारं धरायला माणूस हजर असेल तर भिजवण होतं. पाळी चुकली तर पुढच्या आवर्तनाची वाट बघायची, मग पीक कितीही सुकत असो. तबकडीवरच्या प्रत्येक जागेचं असंच आवर्तन असतं, ८.३ मिलिसेकंदांचं. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर पोचायला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात ते वेगळेच. एक विखुरलेली नोंद लिहायला असे १३ मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जवळपास चार कोटी ठोके मोजून मोकळा होतो.

आमच्या पगाराचाच हिशेब घ्या. ३०० उत्पादक, प्रत्येकाच्या २० वेळा, म्हणजे ६००० नोंदी. प्रत्येक नोंदीपायी डिस्कवर तीन ठिकाणी लिहायचं असेल तर १८००० लेखनं झाली. सेकंदाला ७५-८० या चालीने जवळपास चार मिनिटं नुसती लिहिण्यात. त्यानंतर पशुखाद्याची कपात, उचल, मागची बाकी, म्हणजे तीच वाट पुन्हा पुन्हा तुडवायची. प्रत्यक्षात आमचं यंत्र हे काम काही सेकंदांत करायचं. तबकडीच्या मर्यादेत हे बसत नाही. मधे कुणीतरी हातभार लावत होतं.

हातभार लावणाऱ्या त्या चिपला राइट कॅशे म्हणतात. डिस्कच्या पाटीवर थोडी वेगवान मेमरी बसवलेली असते. पंचवीस वर्षांपूर्वी ती दोन मेगाबाइट असायची, मग आठ झाली, आता मोठ्या डिस्कमध्ये २५६ मेगाबाइट सहज असते. संगणकाकडून आलेला मजकूर आधी तिथे उतरतो आणि तबकडीवर सवडीने जातो.

राहात्याच्या बाजार समितीत डाळिंबाची गाडी रिकामी होताना बघितली असेल तर हे डोळ्यांपुढे येईल. हमाल एकेक क्रेट उचलून आतल्या नेमक्या कोपऱ्यात नेऊन ठेवत बसत नाही. आधी सगळा माल ओट्यावर उतरवतो, गाडी मोकळी करून देतो, मग एका बाजूला जाणारे क्रेट एका फेरीत नेतो. कॅशेतही हेच चालतं. दहा ठिकाणची दहा लेखनं जमली की डिस्क ती तबकडीच्या फेऱ्याच्या सोयीने लावून घेते, म्हणजे हेडची धावपळ वाचते. एकाच जागेवर पाच वेळा लिहायला सांगितलं असेल तर शेवटचंच लिहिते. ही मांडणी फार देखणी आहे, आणि तिच्याशिवाय आपण वापरतो तो संगणक वापरण्याजोगा राहिला नसता.

पण ओट्यावर माल उतरला की लगेच डिस्क संगणकाला कळवते, “झालं.” माल आत गेलेला नसतो. ओट्यावरची मेमरी विजेवर जगते. लाईट गेली की तिथलं सगळं त्याच क्षणी नाहीसं होतं. पावती फाटली, माल वाहून गेला.

गायब झालेल्या त्या चार नोंदींबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डिस्कची कॅशे हा शेवटचा ओटा. त्याआधी आणखी दोन लागतात. संकलनाचा प्रोग्राम स्वतःजवळ थोडं धरून ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टिम तर मोकळ्या मेमरीचा मोठा हिस्सा याच कामाला लावते: विंडोजमध्ये साचलेल्या मजकुराचा सुमारे आठवा भाग दर सेकंदाला डिस्ककडे रवाना करणारा एक स्वतंत्र कामगार असतो, आणि लिनक्समध्ये साधारणपणे ३० सेकंद जुना झालेला मजकूर पुढे ढकलला जातो. एंटर दाबल्यापासून तबकडीपर्यंत नोंद तीन हातांतून जाते, आणि तिन्ही हात मागच्याला आधीच “झालं” सांगून मोकळे होतात. आमची पावती तर पहिल्याच हाताच्या शब्दावर छापली जात होती.

ही पद्धत फार जुनी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या पिढीपासून मजकूर मेमरीत साठवायचा आणि ठरावीक वेळाने डिस्कवर उतरवायचा, असा शिरस्ता होता. यंत्र बंद करण्याआधी ‘सिंक’ ही आज्ञा द्यायची. जुने युनिक्सवाले ती एकदा देत नसत. तीन वेगवेगळ्या ओळींवर तीनदा टाइप करत. पहिल्या आज्ञेने काम सुरू होई आणि पुढच्या दोन ओळी लिहिण्यात जाणारा वेळ डिस्कला पुरे.

घरोघरच्या संगणकांना ही शिस्त नव्हती. मायक्रोसॉफ्टने मार्च १९९३ मध्ये डॉसची सहावी आवृत्ती आणली, तिच्यात स्मार्टड्राइव्ह नावाचा प्रोग्राम लेखनही मेमरीत राखून ठेवू लागला. डॉसच्या माणसाची सवय अशी की पडद्यावर काम संपल्याची खूण, म्हणजे सी-प्रॉम्प्ट, दिसली की मागचं बटण दाबून संगणक बंद करायचा. आता प्रॉम्प्ट लवकर यायला लागला आणि मजकूर अजून वाटेतच असायचा. लोकांच्या फाइली बिघडू लागल्या. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ६.२ आवृत्तीत रीत बदलली: साचलेलं सगळं डिस्ककडे गेल्याशिवाय प्रॉम्प्ट द्यायचा नाही. प्रॉम्प्ट ही लोकांच्या मनात पावती होती, हे कंपनीला फाइली गेल्यावर उमगलं. विंडोज ९५ मध्ये ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ या अर्थाची नारिंगी अक्षरं येत. मला तो पडदा आवडायचा. यंत्राने माणसाला दिलेला तो एक सरळ शब्द होता.

तरी तोही शब्द पुरा पडला नाही. पुढे संगणक इतके वेगवान झाले आणि डिस्कच्या कॅशे इतक्या वाढल्या की विंडोज ९८ च्या काही यंत्रांत उलटाच प्रकार घडू लागला. विंडोज आपलं काम संपवून वीज तोडायची तेव्हा डिस्कच्या ओट्यावर माल शिल्लक असायचा. रीतसर बंद केलेला संगणकही नोंद गमावू शकत होता. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली. त्या दुरुस्तीने विंडोज बंद होताना डिस्कला आवरायला थोडी उसंत दिली.

ऑपरेटिंग सिस्टिमला ओट्यापर्यंतच दिसतं. त्यापलीकडचं डिस्कला विचारावं लागतं, आणि विचारायला भाषा लागते. ती भाषा हळूहळू तयार झाली. ‘फ्लश कॅशे’ ही आज्ञा दिली की डिस्कने कॅशेतलं सगळं तबकडीवर लिहायचं आणि मगच उत्तर द्यायचं. याला ३० सेकंदांहूनही जास्त वेळ लागू शकतो, हे मानकातच नमूद आहे. दुसरी सोय ‘एफयूए’ या खुणेची: हे एवढं एकच लेखन ओट्यावर न ठेवता थेट आत नेऊन ठेव आणि मग सांग. स्कझी डिस्कमध्ये फ्लशच्याच कामाची आज्ञा ‘सिंक्रोनाइझ कॅशे’ या नावाने आहे. वरच्या अंगाला, प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी ‘एफसिंक’ आहे. बँकेचा, तिकिटांचा, सातबाराचा कुठलाही जबाबदार प्रोग्राम नोंद पक्की करायची वेळ आली की एफसिंक म्हणतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.

आता उत्तर खरं आलं पाहिजे. जुन्या आयडीई डिस्कपैकी काहींत ही आज्ञा नव्हतीच, आणि काही डिस्क आज्ञा ऐकून, काहीही न लिहिता “झालं” म्हणत. वेगाच्या चाचणीत आकडा चांगला दिसतो म्हणून ग्राहकाच्या नोंदीशी असा खेळ करणं मला अक्षम्य वाटतं. मॅक ओएसमध्ये तर साधं एफसिंक मजकूर डिस्कपर्यंत पोचवून थांबतं. तबकडीपर्यंत खात्री हवी असेल तर ‘एफ-फुलएफसिंक’ नावाची वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि हे ॲपलने आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवलं आहे. निदान तिथे लपवाछपवी नाही.

डेटाबेसच्या जगात यावरून २०१८ साली मोठी खळबळ उडाली. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस. त्यावर काम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं की लिनक्सवर एफसिंक फसलं आणि प्रोग्रामने पुन्हा विचारलं, तर दुसऱ्या वेळी “झालं” असं उत्तर मिळू शकतं. लिहिणं फसलेला मजकूर लिनक्सने ‘लिहून झाला’ असं धरून बाजूला केलेला असायचा. वर्षानुवर्षं सगळे विचारत होते आणि उत्तरावर विसंबत होते. २०१९ च्या सुरुवातीला पोस्टग्रेसने रीत बदलली. एफसिंक एकदा जरी फसलं तरी डेटाबेस जागच्या जागी थांबतो आणि आपल्या रोजकीर्दीवरून सगळं पुन्हा उभं करतो.

रोजकीर्द हा शब्द मी सोयीपुरता वापरलेला नाही. डिस्कच्या कॅशेचा खरा धोका किती नोंदी जातात यात नाही. सेकंद-दोन सेकंदांचं काम गेलं तर ते बहुधा पुन्हा करता येतं. धोका क्रम मोडण्यात आहे. ओट्यावरचा माल डिस्क आपल्या सोयीने उचलते, आल्या क्रमाने नाही. समजा, एका खात्यातून रक्कम कमी करायची आणि दुसऱ्यात वाढवायची आहे. दुसरं लेखन तबकडीवर आधी गेलं आणि लाईट गेली, तर पैसे हवेतून आले. आमच्या केंद्रावर सूची बिघडली ती अशीच: कोड नंबरांची सूची पुढे गेली होती आणि ज्या नोंदींकडे ती बोट दाखवत होती त्या तबकडीवर नव्हत्या.

आपल्या पेढ्यांवर या दुखण्याचा इलाज पिढ्यान् पिढ्या होता. दिवाणजी कुठलाही व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो, घडला त्या क्रमाने, एकाखाली एक. खतावणी मागून होते, निवांत. मधेच काही विघ्न आलं, खतावणी अर्धवट राहिली, तरी कीर्द उघडायची आणि शेवटच्या पक्क्या ओळीपासून पुढे खतावत जायचं. डिस्कवर फाइली राखणाऱ्या व्यवस्थेने हेच केलं. करायचे बदल आधी डिस्कच्या एका राखीव पट्टीवर ओळीने लिहायचे, खाली ‘पुरं’ अशी खूण करायची आणि मग मूळ जागी बदल करायचे. लाईट गेली तर पुन्हा सुरू होताना ही पट्टी वाचायची: ‘पुरं’ची खूण असलेलं अमलात आणायचं, नसलेलं सोडून द्यायचं. विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेली एनटीएफएस अशी कीर्द ठेवते. व्हेरिटास कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्यापारी जगासाठी अशी फाइल व्यवस्था आणली, आणि त्याच कंपनीचं पुढे पुण्यात मोठं विकास केंद्र झालं. लिनक्समध्ये ईएक्सटी-३ नोव्हेंबर २००१ मध्ये दाखल झाली.

कीर्द ठेवली तरी डिस्कची कॅशे मधे आहेच. ‘पुरं’ची खूण आधी तबकडीवर गेली आणि तिच्या वरच्या ओळी ओट्यावरच राहिल्या, तर ती कीर्द खोटी झाली. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने खुणेच्या आधी एक फ्लश आणि नंतर एक फ्लश द्यावा लागतो. लिनक्सवाले याला बॅरिअर म्हणत: याच्या अलीकडचं सगळं आत गेल्याशिवाय पलीकडचं हलवायचं नाही. ईएक्सटी-३ मध्ये ही सोय होती, पण मूळ मांडणीत बंद ठेवलेली होती, कारण ती चालू केली की वेग घटायचा. डिसेंबर २००८ मध्ये स्थिर झालेल्या ईएक्सटी-४ मध्ये ती पहिल्यापासून चालू आहे. पुढे २०११ च्या सुरुवातीला लिनक्सने बॅरिअरची जुनी रचना काढून फ्लश आणि एफयूए यांवर आधारलेली सुटसुटीत रचना घेतली.

बाबांची तार बघितल्यावर मी काय केलं ते सांगतो. एका ओळखीच्या मेकॅनिककडून कळलं की विंडोज एक्सपीमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्कच्या नावावर गेलं की ‘पॉलिसीज’ हे पान असतं, आणि तिथे ‘एनेबल राइट कॅशिंग ऑन द डिस्क’ अशी चौकट असते. मी तिथली टिक काढून टाकली. आता डिस्क ओटा वापरणार नव्हती. संकलनात फरक जाणवला नाही. पण दहाव्या दिवशी पगार काढायला बसलो तेव्हा यंत्र रांगू लागलं. बाहेर लोक पगारपत्रकाची वाट बघत उभे. पुढच्या पगाराआधी मी टिक परत लावली.

हाच पेच फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींपुढे २००१ साली उभा राहिला होता, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. आयडीई डिस्क लेखन संपल्याबद्दल खरं सांगत नाहीत म्हणून त्यांनी ४.३ या आवृत्तीत डिस्कची राइट कॅशे मुळातच बंद केली. वेग इतका पडला की आवृत्ती बाहेर गेल्यावर त्यांना निर्णय फिरवावा लागला. धोका त्यांनी आपल्या पुस्तिकेत लिहून ठेवला आणि वापरणाऱ्यावर सोपवला. ते वाचताना मला केंद्राच्या खिडकीबाहेरची ती रांग दिसत होती.

टिक न काढता सुरक्षितता हवी असेल तर वीज राखावी लागते. विजेचं मोल या भागाला नव्याने सांगायला नको. देशात ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा प्रयोग पहिल्यांदा पाच ठिकाणी झाला, त्यांतली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. राहाता तालुक्यातल्या गावांनाही तिची वीज होती, आणि २०११ मध्ये ते काम महावितरणकडे गेलं. सहकारावर इथल्या लोकांनी साखर कारखाना उभा केला तसे विजेचे खांबही उभे केले.

मोठ्या संस्थांच्या सर्व्हरमध्ये डिस्क सांभाळणाऱ्या कार्डावर छोटी बॅटरी असते. लाईट गेली तरी ती कॅशेतला मजकूर जिवंत ठेवते आणि यंत्र पुन्हा सुरू झालं की तो तबकडीवर उतरतो. विंडोजच्या त्याच पानावर दुसरी एक चौकट असते, डिस्कला फ्लश देणंच बंद करणारी. तिच्याखाली विंडोजने स्वतः बजावलंय की डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा नसेल तर इकडे हात लावू नका. वेग वाढवण्याच्या उत्साहात घरच्या संगणकावर ही टिक लावून देणारे मी पाहिलेत. कुणी लावून दिली असेल तर आजच काढा.

पेनड्राइव्हचा प्रश्न याच घराण्यातला. काढण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’ म्हणायचं ते ओटा रिकामा व्हावा म्हणून. २०१८ च्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या साधनांसाठी मूळ मांडणी ‘क्विक रिमूव्हल’ ही ठेवली आहे, म्हणजे लेखन राखून ठेवायचं नाही. तरी कॉपी चालू असताना उपटलेला पेनड्राइव्ह कुठलीही मांडणी वाचवत नाही.

तबकड्या गेल्या आणि एसएसडी आल्या तेव्हा वाटलं होतं की हा सगळा पसारा संपला. फिरणारं काही नाही, मग आवर्तन कसलं? पण एसएसडीतही कॅशे असते, शिवाय कुठला मजकूर कुठल्या कप्प्यात आहे याचा नकाशा ती सतत बदलत असते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आणि एचपीच्या संशोधकांनी १५ एसएसडींची वीज पुन्हा पुन्हा तोडून पाहिली. २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले, त्यांत १३ एसएसडींनी काही ना काही घोळ घातला होता. चांगल्या एसएसडीत आता कपॅसिटरची रांग असते. वीज गेल्यावर कॅशे रिकामी करण्यापुरती शक्ती त्यात साठवलेली असते. घेताना एवढं विचारून घ्यावं.

मला सगळ्यांत मोह पडतो तो मात्र जुन्या तबकडीच्याच एका युक्तीचा. आमच्याकडे विहिरींवर ऑइल इंजिनं होती तेव्हा डिझेल तोडल्यावरही त्यांचं जड चाक कितीतरी वेळ फिरत राहायचं. हार्ड डिस्कची तबकडीही लाईट गेल्यावर लगेच थांबत नाही. ती फिरते तोवर तिची मोटर उलट जनित्रासारखी वीज देते, आणि त्या विजेवर डिस्क आपलं हेड सुखरूप बाजूला नेऊन ठेवते. हे फार वर्षांपासून चालत आलंय. वेस्टर्न डिजिटलने २०२१ मध्ये याच्यापुढे पाऊल टाकलं: ऑप्टिनॅंड या रचनेत डिस्कच्या पाटीवर फ्लॅश मेमरी बसवली, आणि लाईट गेली की तबकडीच्या उरलेल्या फिरण्यातून मिळणाऱ्या विजेवर कॅशेतला मजकूर त्या फ्लॅशमध्ये उतरवून घ्यायला सुरुवात केली. आमच्या केंद्रावर असं यंत्र असतं तर डिस्कच्या ओट्यावरचं तरी वाचलं असतं.

आम्ही शेवटी यूपीएस घेतला, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मागे लागून एक बदल करून घेतला: आधी फाइलीत लिहून फ्लश द्यायचा, मग पावती छापायची. पावती अर्धा सेकंद उशिरा यायला लागली. कुणाची तक्रार आली नाही. ज्या तालुक्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि ज्या तालुक्यात उसाच्या काटापावतीवर घरांची वर्षं ठरली, तिथे पावतीसाठी अर्धा सेकंद कुणाला जड जाणार होता?

त्या चार नोंदी मात्र आधी उभ्या करायच्या होत्या. टँकर भरताना केलेलं माप रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेलं होतं. त्या संध्याकाळचा आकडा पडद्यावरच्या बेरजेपेक्षा ३१ लिटरने जास्त होता. तिघांच्या पावत्या मिळाल्या, त्यांचे मिळून २४ लिटर झाले. उरलेले ७ लिटर चौथ्याचे. फॅट त्याच्या दहा दिवसांच्या सरासरीने धरली, आणि ती त्याला मान्य झाली. बाबांच्या डोळ्यांदेखत मी चारही नोंदी भरल्या, एकेक वाचून दाखवली, पुन्हा पगारपत्रक काढलं. त्यांनी वीस वेळा आहेत का ते बोटांवर मोजलं, कागदाची घडी करून टोपीत ठेवली आणि तार परत मागून घेतली.